पाठ्यनिर्देशिकेची परीक्षा

भोर समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका कोष्टकात युनायटेड किंग्डममध्ये ३०० माणसांमागे एक परिचारिका आणि हिंदुस्थानात ४३,००० माणसांमागे एक, असे प्रमाण दिले आहे. हिंदुस्थानातील परिचारिकांची संख्या आहे सुमारे ७,०००. हे आकडे पुढे नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत उतरले, भाषणांत आले, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही गेले. साधा गुणाकार करून पाहिला तर त्यांत आणखी एक माहिती दडलेली सापडते. सात हजार गुणिले त्रेचाळीस हजार म्हणजे ३० कोटी १० लाख. १९४१ च्या जनगणनेत अखंड हिंदुस्थानची लोकसंख्या ३८ कोटी ९० लाखांच्या घरात होती. मधली पावणेनऊ कोटींच्या आसपासची माणसे कोष्टकात नाहीत.

ही हिशेबातली चूक नव्हे. समितीला नेमून दिलेले काम ब्रिटिश हिंदुस्थानातील आरोग्यस्थितीची पाहणी करण्याचे होते, त्यामुळे संस्थानांतली प्रजा गणतीबाहेर राहिली. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील १ कोटी ६३ लाख लोक त्या बाहेरच्यांत मोडतात, आणि त्यांच्यातच औरंगाबाद जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले धावडा हे गावही. देशात परिचारिका किती आहेत आणि किती हव्यात याचा पहिला मोठा हिशेब मांडला गेला, तेव्हा धावडा त्या कागदाच्या पलीकडे होते.

परिचारिकांची गणती तरी झाली. परिचारिकांना शिकवणाऱ्यांची पात्रता कोणी, कधी, कशी तपासली, हा प्रश्न मात्र कागदपत्रांतून अंग चोरून जातो. आज तो जगभर विचारला जात आहे. फिनलंडमधली नर्सिंग शिक्षिका, माल्टातली शिक्षिका आणि महाराष्ट्रातली पाठ्यनिर्देशिका (नर्सिंग ट्यूटर) यांची व्यावसायिक क्षमता एका मापाने मोजता येईल का, याचा शोध चालू आहे. मापे तयारही झाली आहेत. ती कितपत खरी आहेत हे ठरवण्यासाठी आधीची मापे कशी बनली आणि त्यांनी नेमके काय मोजले, हे पाहावे लागेल.

पहिला कागद लंडनचा आहे. सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली नाइटिंगेल प्रशिक्षण शाळा उघडली. तेथे प्रत्येक शिकाऊ परिचारिकेच्या नावाने दरमहा एक छापील पत्रक भरले जाई आणि ते भरण्याची जबाबदारी मेट्रन सारा वॉर्डरोपर यांच्याकडे असे. एका बाजूला स्वभाव आणि वर्तन: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. दुसऱ्या बाजूला कामे: मलमपट्टी, जळवा लावणे, बस्ती देणे, रुग्णाला हलवणे, बिछाना करणे. प्रत्येक रकान्यात उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे असा शेरा. आज ज्याला कौशल्यांची तपासणी-यादी म्हणतात तिची ही आजीच होय.

या पत्रकात शिकवणाऱ्यांसाठी रकाना नव्हता. विद्यार्थिनींना व्याख्याने देण्याचे काम रुग्णालयाचे निवासी वैद्यकीय अधिकारी रिचर्ड व्हिटफील्ड यांच्याकडे होते. शाळा सुरू होऊन दहा-अकरा वर्षे झाल्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी स्वतः लक्ष घातले. शिकाऊ परिचारिकांना बोलावून विचारपूस केली, त्यांच्या रोजनिश्या आणि रुग्णांच्या टिपणवह्या वाचल्या. त्यातून उघड झाले की व्याख्याने जवळपास बंदच आहेत आणि वह्या कोणी तपासत नाही. व्हिटफील्ड यांना जावे लागले. त्यांच्या जागी शल्यचिकित्सक जॉन क्रॉफ्ट आले आणि नियमित व्याख्याने सुरू झाली. विद्यार्थिनींच्या अभ्यासावर देखरेख ठेवायला वसतिगृहात ‘होम सिस्टर’ नेमण्यात आली.

या घटनेचे महत्त्व पुराव्याच्या जातीत आहे. शिक्षकाची पदवी, नोकरीची वर्षे, हुद्दा यांतले काहीच व्हिटफील्ड यांच्याविरुद्ध बोलत नव्हते. बोलल्या त्या विद्यार्थिनींच्या वह्या. शिकवणाऱ्याची क्षमता शिकणाऱ्याच्या कामात वाचायची, ही पद्धत १८७२ च्या सुमारास एकदा वापरली गेली आणि उपयोगी ठरली. पुढच्या दीडशे वर्षांत ती नियमांत मात्र फारशी शिरली नाही.

हिंदुस्थानातील रुग्णालयांसाठी परिचर्येची व्यवस्था कशी असावी, याविषयी नाइटिंगेल यांनी १८६५ मध्येच सूचना लिहिल्या होत्या. प्रत्यक्षात मुंबई इलाख्यात प्रशिक्षित परिचारिकांची शिकवण रुजली ती १८८० नंतरच्या दशकांत. १८८५ साली लेडी डफरिन निधी स्थापन झाला, १८८६ मध्ये मुंबईचे कामा रुग्णालय सुरू झाले. दक्षिण महाराष्ट्रात मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले आणि १८९७ मध्ये त्याला नर्सिंग शाळा जोडली. पुण्यात २ ऑक्टोबर १९०९ रोजी रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन सुरू केले. सेवासदनातल्या विधवा आणि परित्यक्ता ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. पांढरपेशा घरातल्या बाईने परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची, या कल्पनेला पुण्यात केवढा विरोध झाला असेल हे वेगळे सांगायला नको. त्या विरोधापुढे रमाबाई खंबीर राहिल्या.

सेवासदनाच्या कामाकडे या लेखाच्या प्रश्नातून पाहिले की एक विसंगती नजरेत भरते. त्याच संस्थेत प्राथमिक शिक्षिका घडवणारे अध्यापन विद्यालय होते आणि पाठ देण्याच्या सरावासाठी शाळाही होती. मुलींना अंकगणित शिकवायचे तर आधी शिकवायला शिकावे लागते, पाठ घेऊन दाखवावा लागतो आणि तो तपासला जातो, ही गोष्ट तिथे सर्वमान्य होती. नर्सिंगच्या विद्यार्थिनी मात्र ससूनच्या डॉक्टरांकडून आणि वॉर्डातल्या सिस्टरांकडून शिकत. ते रुग्णसेवेत वाकबगार असतील. शिकवण्याचे प्रशिक्षण ही त्यांच्या नेमणुकीची अट नव्हती. एकाच संस्थेतल्या मुली दोन वेगळ्या गृहीतकांखाली घडत होत्या. शाळेसाठी शिकवणे हे शिकून घ्यायचे कसब होते. वॉर्डात ते कामाबरोबर आपोआप येते असे धरले जात होते.

मुंबई इलाख्यातल्या व्यवस्थेने दर्जाचा प्रश्न परीक्षेवर सोपवला. १९०९ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशन स्थापन झाली. ती परीक्षा घेई आणि उत्तीर्ण परिचारिकांची नोंद ठेवी. त्याआधी १९०५ मध्ये लखनौला नर्सिंग अधीक्षिकांची संघटना झाली होती. तिच्यातूनच १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली आणि १९१२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय नर्सेस परिषदेला जोडली गेली. सीमेपलीकडच्या तुलनेची सुरुवात इथे होते. पुढे ब्रिटनमध्ये १९१९ चा नर्सेस नोंदणी कायदा आला. ब्रिटनबाहेरच्या साम्राज्यातील परिचारिकेला तिथे नाव नोंदवायचे तर तिच्या देशात तोडीची नोंदवही हवी आणि परस्परमान्यता हवी, अशी त्यात तरतूद होती. हिंदुस्थानात तशी एक नोंदवही नव्हती. मद्रासने १९२६ मध्ये आपला कायदा केला, मुंबईने १९३५ मध्ये. प्रांत तितके कायदे.

धावड्याच्या परिसरात ही फाळणी नकाशावर दिसते. भोकरदन तालुक्याचा हा उत्तरेकडचा, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचा भाग निजामाच्या राज्यात. शेजारचा बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात, म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कारभारात. डोंगर उतरून गेले की खानदेश, तो मुंबई इलाख्यात. एका दिवसाच्या बैलगाडीच्या टप्प्यात तीन राज्यव्यवस्था होत्या. जालना शहरात रेव्हरंड नारायण शेषाद्रींच्या काळापासून स्कॉटिश मिशन होते आणि मिशनने तिथे दवाखानाही चालवला. पण खेड्यापाड्यांतल्या बाळंतपणाचा भार सुईणीवरच होता, आणि तिच्या शिकवणीची नोंद तिन्ही राज्यांपैकी कोणाच्याही वहीत नव्हती.

शिकवणाऱ्यांना शिकवण्याचा विचार जगात दोन ठिकाणी आधी झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात १८९९ मध्ये परिचारिकांसाठी ‘हॉस्पिटल इकॉनॉमिक्स’ नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला. नाव रुग्णालयाच्या अर्थकारणाचे, पण तयारी होती अधीक्षिका आणि शिक्षिका होण्याची. तिथेच १९०७ मध्ये अ‍ॅडलेड नटिंग नर्सिंगच्या जगातल्या पहिल्या प्राध्यापिका झाल्या. लंडनमध्ये १९२० पासून रेडक्रॉस संस्थांच्या संघाने बेडफर्ड कॉलेजच्या मदतीने निरनिराळ्या देशांतल्या परिचारिकांसाठी वर्षाचे अभ्यासक्रम चालवले. १९३४ मध्ये त्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेल आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठानचे रूप आले. तिथून शिकून गेलेल्या बायका आपापल्या देशांत शाळा चालवू लागल्या.

हिंदुस्थानात हे युद्धकाळात घडले. रुग्णालयांना परिचारिका पुरेनात, शाळा वाढवायच्या तर शिक्षिका नाहीत, या कोंडीतून १९४३ मध्ये दिल्लीला नर्सिंग प्रशासनाची शाळा सुरू झाली. तिचेच १९४६ मध्ये दिल्ली विद्यापीठाशी संलग्न नर्सिंग महाविद्यालय झाले. आज ते राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नर्सिंगची पदवी सुरू झाली. दिल्लीत नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५९ मध्ये निघाला. महाराष्ट्रात एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ मध्ये उघडले. भोर समितीने १९७१ पर्यंत ७,४०,००० परिचारिकांचे लक्ष्य ठेवले होते, म्हणजे ५०० माणसांमागे एक. सात हजारांवरून सव्वासात लाखांच्या पुढे जायचे तर आधी हजारो शिक्षिका लागणार होत्या. त्या घडवणाऱ्या पदवीच्या संस्था मात्र स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दोनच होत्या.

आता या शोधातला सर्वांत महत्त्वाचा कागद: इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा, १९४७ चा ४८ वा, संमतीची तारीख ३१ डिसेंबर १९४७. परिचारिका, सुईणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या प्रशिक्षणाचा एकसारखा दर्जा प्रस्थापित करणे हा त्याचा उद्देश प्रस्तावनेतच सांगितला आहे. भाषा कोरडी असली तरी हा कायदा ओळीओळीने वाचण्यासारखा आहे.

दहावे कलम पात्रतांच्या मान्यतेचे. त्यात परिषदेला असा अधिकार दिला आहे की कायदा लागू नसलेल्या प्रदेशातील किंवा परदेशातील नोंदणी-अधिकाऱ्यांशी बोलणी करून परस्परमान्यतेची योजना ठरवावी. कायद्याला संमती मिळाली त्याच्या महिनाभर आधी, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी, हैदराबादने भारताशी ‘जैसे थे’ करार केला होता. हैदराबाद भारताचा प्रांत नव्हते. त्यामुळे या कलमाच्या रचनेत निजामाचे राज्य आणि परदेश एका रांगेत बसतात. नर्सिंगच्या पात्रतेची आंतरदेशीय तुलना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लंडन येते, दुबई येते. १९४७ च्या डिसेंबरात ती तुलना धावडा आणि बुलढाणा यांच्यामधल्या सीमेवरही लागू पडत होती.

तेरावे कलम तपासणीचे. कार्यकारी समितीने निरीक्षक नेमावेत. त्यांनी प्रशिक्षण संस्थांना भेट द्यावी, परीक्षांना हजर राहावे आणि अहवाल द्यावा. कशाचा अहवाल? प्रशिक्षणासाठी संस्था योग्य आहे का, तिथले प्रशिक्षण पुरेसे आहे का, आणि परीक्षा पुरेशा दर्जाची आहे का. संस्था, प्रशिक्षण, परीक्षा या तीन गोष्टी तपासायच्या. शिक्षिका या तिन्हींत कुठेतरी असणारच, पण तपासणीचा स्वतंत्र विषय म्हणून तिचे नाव नाही. अहवालाची प्रत संस्थेला द्यावी आणि संस्थेच्या म्हणण्यासह तो सरकारकडे पाठवावा, ही तरतूद न्याय्य आहे. तरीही वर्गात शिकवणारी बाई कशी शिकवते, हे त्या अहवालात यायलाच हवे अशी सक्ती त्यात नाही.

सोळाव्या कलमात मात्र शिक्षिका प्रकट होते. परिषदेने कोणकोणते विनियम करावेत याची यादी तिथे आहे. परिचारिकांच्या अभ्यासक्रमाबरोबर, परिचारिकांना शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणे हेही त्यात घातले आहे. तिसऱ्या कलमाच्या दुरुस्त्यांसह छापलेल्या पाठात परिषदेच्या रचनेत अशा संस्थांच्या प्रमुखांना प्रतिनिधित्व आहे, जिथे नर्सिंगची पदवी किंवा नर्सिंग-अध्यापनाचा प्रमाणपत्रोत्तर अभ्यासक्रम चालतो. याचा अर्थ कायदा करणाऱ्यांना शिक्षिकेचा विसर पडला नव्हता. त्यांनी तिला घडवण्याची सोय केली आणि परिषदेत जागाही दिली. घडल्यानंतर ती कशी शिकवते हे बघण्याची तरतूद राहून गेली. पुढच्या पाऊणशे वर्षांची दिशा या एका उणिवेने ठरली.

धावडा या कायद्याच्या कक्षेत आले ते हळूहळू. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादवर पोलीस कारवाई झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा या तीन भागांत परिचारिकांच्या नोंदणीचे वारसे वेगवेगळे होते. ते एकत्र आणणारा महाराष्ट्र परिचारिका कायदा १९६६ चा आहे, आणि कायद्यांचे एकीकरण हा त्याचा हेतू त्याच्या दीर्घ शीर्षकातच लिहिला आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून जालना जिल्हा वेगळा झाला आणि भोकरदन तालुका त्यात गेला.

या काळात खेड्याला ज्या परिचारिकेशी खरोखर काम पडले ती ए.एन.एम. (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), म्हणजे गावातल्या बायकांची ‘सिस्टर’. हा अभ्यासक्रम पन्नासच्या दशकाच्या आरंभी दोन वर्षांचा म्हणून सुरू झाला. बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी कर्तारसिंग समितीने १९७३ मध्ये शिफारशी केल्या आणि १९७७ मध्ये तो दीड वर्षाचा झाला. अलीकडे तो पुन्हा दोन वर्षांचा आहे. एवढ्या वर्षांत अभ्यासक्रमाची लांबी बदलली, नाव बदलले, प्रवेशाची पात्रता बदलली. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र हे प्रमाण ठरले. तिला शिकवणारी पाठ्यनिर्देशिका प्रात्यक्षिक कसे घेते, हे मोजण्याची रीत या बदलांत कुठे आली नाही.

मोजले काय गेले, ते आजच्या निकषांत स्वच्छ दिसते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांनुसार नर्सिंग महाविद्यालयाच्या प्राचार्यांना एम.एस्सी. नर्सिंग आणि एकूण १५ वर्षांचा अनुभव हवा. ट्यूटरला पदवी आणि एक वर्षाचा अनुभव. शिक्षक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण एकास दहा. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशाने सर्वसाधारण परिचारिकेच्या शिक्षणासाठी किमान ४,६०० तास ठरवले: किमान एक तृतीयांश तात्त्विक, किमान निम्मे प्रात्यक्षिक. खाटा, तास, वर्षे, पदव्या. हे निकष निरुपयोगी नाहीत. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका नसेल तर बाकीची चर्चाच फोल ठरते. पण हे सारे शिकवण्याच्या भोवतालचे पुरावे आहेत.

भोवतालचा पुरावा सजवता येतो, हे मध्य प्रदेशात दिसले. तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने पाहणी केली. २०२४ च्या सुरुवातीला सादर झालेल्या अहवालानुसार ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य ठरली. त्यानंतर मे महिन्यात, अनुकूल तपासणी अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने आपल्याच अधिकाऱ्यांना अटक केली. इन्स्पेक्शनच्या दिवशी हजेरीपटावर शिक्षक दाखवता येतात, खाटा दाखवता येतात. एखादी शिक्षिका विद्यार्थिनीला रुग्णाजवळ उभी करून कसे शिकवते, हे मात्र एका दिवसापुरते भाड्याने आणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये नर्सिंग शिक्षकांच्या मूलभूत क्षमतांचा दस्तऐवज काढला. त्यात आठ क्षेत्रे आहेत: प्रौढांच्या शिकण्याची तत्त्वे, अभ्यासक्रम आणि त्याची अंमलबजावणी, प्रत्यक्ष परिचर्या, संशोधन आणि पुरावा, संवाद व सहकार्य, नीती-कायदा-व्यावसायिकता, मूल्यमापन, आणि व्यवस्थापन-नेतृत्व-पाठपुरावा. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लीग फॉर नर्सिंगनेही आठ क्षमतांची यादी केली होती आणि नर्सिंग शिक्षकांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली होती. ‘काय मोजायचे’ याचे उत्तर पहिल्यांदा खुद्द शिकवण्याच्या आत शिरले. १९४७ च्या कायद्यात राहिलेली जागा इथे भरलेली दिसते.

‘कसे मोजायचे’ हे मात्र अवघडच राहिले. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या पुढाकाराने युरोपातील काही देशांत नर्सिंग शिक्षकांच्या क्षमतेचा अभ्यास झाला आहे. अशा अभ्यासांत बहुधा प्रश्नावली असते आणि शिक्षक स्वतःच स्वतःला गुण देतात. या पद्धतीला मर्यादा आहेत. एखाद्या देशात स्वतःला पैकीच्या पैकी गुण देणे उद्धटपणाचे मानतात, तर दुसरीकडे कमी गुण देणे नोकरीला धोकादायक. शिवाय पदाचे नाव एक असले तरी काम एक नसते. फिनलंडमध्ये नर्सिंग शिक्षकाकडे पदव्युत्तर पदवी, अध्यापनशास्त्राचे स्वतंत्र शिक्षण आणि परिचर्येचा अनुभव अपेक्षित असतो. आपल्याकडे बी.एस्सी. झालेली ट्यूटर वर्षभराच्या अनुभवावर वर्गापुढे उभी राहू शकते. दोघींनी ‘अध्यापन कौशल्य: चांगले’ असे लिहिले तर त्या दोन शब्दांची तुलना होते, कौशल्याची नव्हे.

एक उदाहरण घेतले की फरक कळतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव डोळ्यांनी अजमावताना तो खऱ्यापेक्षा कमी धरला जातो, हे प्रसूतिशास्त्रात पक्के ठाऊक आहे. ५०० मिलिलिटर ही धोक्याची खूण प्रत्येक ए.एन.एम. विद्यार्थिनीला पाठ असते. ती शिकवणे म्हणजे फळ्यावर आकडा लिहिणे नव्हे. चांगली पाठ्यनिर्देशिका मोजलेले रंगीत पाणी कापडांवर ओतते, कापडे विद्यार्थिनींपुढे मांडते, प्रत्येकीला अंदाज लिहायला लावते आणि मग खरा आकडा सांगते. आपला अंदाज किती चुकतो हे विद्यार्थिनीला स्वतःच्या हाताने कळते. हा पाठ फिनलंडमध्येही घेता येतो आणि जालन्यातही. पुढचा भाग मात्र वेगळा शिकवावा लागतो. तिथे प्रसूती रुग्णालयात होते, मदत हाकेच्या अंतरावर असते. धावड्यासारख्या गावाच्या परिसरात काम करणाऱ्या आरोग्यसेविकेला १०८ ला फोन कधी करायचा, गाडी येईपर्यंत काय करायचे आणि सोबतच्या नातेवाइकांना काय सांगायचे, हे ठरवावे लागते. हा निर्णय जी शिकवू शकते ती या ठिकाणची सक्षम शिक्षिका. म्हणून आंतरदेशीय मापाचे दोन भाग हवेत: कोणत्याही देशात घेता येईल असा एक समान पाठ, आणि त्या जागेच्या गरजेतून आलेला दुसरा पाठ.

कागदपत्रांचा हा प्रवास एकत्र ठेवला तर क्षमतेचे तीन प्रकारचे पुरावे दिसतात. पदव्या, वर्षे आणि प्रमाण यांचा पुरावा १९४७ पासून सर्वांत जास्त गोळा झाला, कारण तो कार्यालयात बसून तपासता येतो आणि परदेशी नोंदवहीपुढे ठेवता येतो. शिक्षकाच्या स्वतःच्या मताचा पुरावा अलीकडच्या अभ्यासांनी आणला. सर्वांत कमी वापरला गेला तो विद्यार्थिनीच्या कामाचा आणि प्रत्यक्ष पाठ पाहणाऱ्याच्या साक्षीचा पुरावा, म्हणजे नाइटिंगेल यांनी वह्या वाचून मिळवला तो. आपल्याकडे केस स्टडीच्या फायली वरच्या वर्गाच्या फायलींवरून उतरवल्या जातात, हे प्रत्येक नर्सिंग विद्यार्थिनीला माहीत असते. त्यामुळे नुसती वही पुरणार नाही. बाहेरच्या अनुभवी शिक्षिकेने वॉर्डात उभे राहून पाठ पाहिला पाहिजे आणि त्याच विद्यार्थिनीचे काम महिन्याभराने पुन्हा पाहिले पाहिजे. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने २०१८ च्या मानकांत प्रात्यक्षिकावर देखरेख करणारी आणि मूल्यमापन करणारी व्यक्ती वेगळी केली. ते शिकणारीच्या मूल्यमापनासाठी आहे, पण शिकवणारीची परीक्षा घेतानाही तेच तत्त्व उपयोगी पडेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायद्याला संमती मिळाली. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो केला गेला आहे आणि त्यात संस्थांचे मूल्यमापन व मानांकन करणाऱ्या मंडळाची तरतूद आहे. मानांकन पुन्हा संस्थेचेच होणार. मंडळाने आपल्या तपासणीत प्रत्येक संस्थेतल्या शिक्षिकांचे काही पाठ, चिठ्ठी टाकून निवडलेले आणि आधी न कळवता पाहिलेले, समाविष्ट केले तर १९४७ मध्ये राहिलेली उणीव भरून निघेल. अशा नोंदी दुसऱ्या देशातल्या तशाच नोंदींशेजारी ठेवून वाचता येतील. तोवर देशोदेशींच्या नर्सिंग शिक्षिकांची म्हणून जी तुलना होईल, ती त्यांच्या प्रमाणपत्रांची तुलना असेल.